कापल्यावर बोलणारं प्रथिन

फळमाशीच्या पंखाची कड एरवी अखंड असते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, थॉमस हंट मॉर्गन यांच्या काळात, काही माद्यांच्या पंखांना मात्र खाचा पडलेल्या दिसल्या. दोष एका जनुकात होता. त्याचं नाव पडलं नॉच. मादीतल्या त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली की पंख खाचतो. एकही धड प्रत नसली तर जीव अंड्यातच मरतो. १९३०च्या दशकात डोनाल्ड पौल्सन यांनी असे भ्रूण तपासले. जिथून त्वचा तयार व्हायची, तिथल्या पेशीही चेतापेशी होऊन बसल्या होत्या. चेतापेशी होऊ घातलेली पेशी शेजारणींना त्या वाटेपासून रोखते. इथे तो निरोप पोहोचतच नव्हता.

निरोप घेणारं प्रथिन कसं असतं, हे १९८०च्या दशकात जनुकाचा क्रम वाचल्यावर कळलं. सुमारे २७०० अमिनो आम्लांची ही साखळी पेशीपटलातून आरपार जाते. ती एकसंध नाही. मालगाडीला वेगवेगळे डबे जोडावेत तसे तिच्यात आपापली घडी आणि आपापलं काम असलेले भाग आहेत. त्यांना डोमेन म्हणतात. पेशीबाहेरच्या टोकाकडे एकाच घडणीचे ३६ भाग ओळीने येतात. शेजारच्या पेशीवरचं डेल्टा हे प्रथिन यांनाच येऊन चिकटतं.

छत्तीसांपैकी कोणाला? १९९१मध्ये येल विद्यापीठातल्या स्पायरॉस आर्टाव्हानिस-त्साकोनास यांच्या गटाने यासाठी फार सुंदर प्रयोग केला. फळमाशीच्या ज्या पेशी एरवी सुट्या राहतात त्यांतल्या काहींत नॉच बनवायचं, काहींत डेल्टा. दोन्ही मिसळल्या की त्यांचे पुंजके होतात. मग नॉचचे एकेक भाग गाळून पुंजके होतात का, ते पाहायचं. अकरावा आणि बारावा भाग गाळला की चिकटणं थांबलं. आणि बाहेरच्या बाजूला हे दोनच भाग ठेवले, तरी पेशी चिकटल्या! बाकीचे भाग बिनकामाचे नाहीत. काहींवर साखरेचे रेणू चढतात आणि नॉचने कोणाला किती दाद द्यायची ते त्यावरून बदलतं.

पण नुसत्या चिकटण्याने निरोप आत जात नाही. पेशीपटलालगत नॉचचा एक नियंत्रक भाग असतो. कापण्याची जागा तो स्वतःच्या घडीत दडवून ठेवतो. डेल्टा असलेली पेशी आपलं डेल्टा परत आत ओढू लागते, त्या ताणाने घडी उलगडते आणि दडलेली जागा उघडी पडते. एक विकर तिथे काप देतं, दुसरं पटलाच्या आतच दुसरा काप देतं. सुटलेला आतला तुकडा थेट केंद्रकात शिरून जनुकं चालू करतो. अनेक संदेशमार्गांत निरोप मध्यस्थांकरवी वाढत जातो. इथे तसं नाही. नॉचचा एक रेणू एकदाच बोलतो आणि संपतो. म्हणूनच जनुकाची एक प्रत कमी पडली तरी पंखाला ते सोसत नाही. पेशीच्या संदेशवहनात इतकी थेट व्यवस्था क्वचितच सापडते, आणि माझ्या मते या प्रथिनाचं खरं मर्म त्या नियंत्रक भागातच आहे.

तो ढिला पडला की काय होतं, याचं उत्तर माणसात मिळालं. टी-पेशींच्या तीव्र रक्तकर्करोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत नॉच-१ या जनुकात बदल असल्याचं २००४मध्ये दिसून आलं. त्यांतले बरेच बदल नेमके नियंत्रक भागात होते: शेजारणीने न ओढताच घडी उघडायची आणि पेशी वाढत राहायच्या. दुसरा काप देणारं विकर अडवणारी औषधं त्यावर वापरून पाहिली गेली. पण आतड्यालाही नॉच लागतं, त्यामुळे रुग्णांना तीव्र जुलाब होऊ लागले. त्याच गटातल्या नायरोगॅसेस्टॅट या औषधाला मात्र नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती डेस्मॉइड नावाच्या गाठींसाठी.