कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल

लिनक्सवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांना या तीन कमांडी तोंडपाठ असतात. सोर्स कोडचा टारबॉल उतरवून घ्यायचा, सोडवायचा, आत शिरायचं आणि याच क्रमाने त्या चालवायच्या. पहिली यंत्राची चौकशी करते, दुसरी कोड कंपाइल करते, तिसरी तयार झालेला माल जागच्या जागी नेऊन ठेवते. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअर लोकांपर्यंत पोचलं ते प्रामुख्याने याच वाटेने. आज नव्या पिढीतल्या कित्येक प्रोग्रॅमरांनी त्या एकदाही चालवलेल्या नसतात. मार्च २०२४ मध्ये मात्र याच वाटेवर दबा धरून बसलेला एक घातपात उघडकीला आला, आणि आपण इतकी वर्षं नेमके कशावर विसंबून होतो हे पाहणं भाग पडलं.

तिघींत थोरली मधली. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने ‘मेक’ लिहिलं. निमित्त झालं स्टीव्ह जॉन्सन या सहकाऱ्याच्या वैतागाचं. प्रोग्रॅममधली चूक सुधारलेली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती; मग बरोबर असलेल्या कोडमध्ये चूक शोधण्यात जॉन्सनची सबंध सकाळ गेली. फेल्डमनचा उपाय साधा होता. कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे हे मेकफाइलमध्ये एकदा लिहून ठेवायचं. मेक फाइलींच्या वेळा ताडून पाहतं आणि जेवढं शिळं झालं असेल तेवढंच नव्याने बांधतं. मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच हवा, स्पेस चालत नाही, हा जाचही तेव्हापासूनचा. फेल्डमनला तो बदलता आला असता. पण काही आठवड्यांतच डझनभर लोक मेक वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला तो धजावला नाही. त्या डझनभरांचा मान राखला गेला आणि पुढच्या कैक पिढ्या टॅब-स्पेसचा घोळ निस्तरत बसल्या.

ऐंशीच्या दशकात युनिक्सच्या घरात भाऊबंदकी माजली. सन, एचपी, आयबीएम, डेक, जिचं तिचं युनिक्स वेगळं. एकीकडे असलेलं फंक्शन दुसरीकडे नाही. तिसरीकडे आहे, पण भलत्याच हेडर फाइलमध्ये. सोर्स कोड घेणाऱ्याने मेकफाइल उघडावी आणि आपल्या यंत्राला मानवतील अशा ओळी हाताने बदलाव्यात, अशी रीत होती. जीएनयू प्रकल्पाची साधनं सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेंझीने १९९१ च्या उन्हाळ्यात यावर तोडगा म्हणून ‘ऑटोकॉन्फ’ लिहायला घेतलं. आपल्या ओळखीची ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट तयार होते ती त्यातून.

कॉन्फिगरचा खाक्या मोठा व्यवहारी आहे. यंत्राचं कूळ विचारत बसायचं नाही, करून पाहायचं. अमुक फंक्शन आहे का? चार ओळींचा सी प्रोग्रॅम लिहायचा आणि कंपाइल करायचा. झाला तर ‘येस’, नाही झाला तर ‘नो’. पडद्यावर ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळी सरसर वर जात असतात त्या या चाचण्यांच्या. सगळं पार पडलं की या यंत्रापुरती बेतलेली मेकफाइल हाती येते. घोडं कुठे अडलं तर ‘कॉन्फिग डॉट लॉग’ उघडायचं. त्याच्या तळाशी व्हेरिएबलांची लांबलचक याद असते. नवखा ती पाहूनच हबकतो. जाणता ती ओलांडून वर जातो, कारण फसलेला चाचणी प्रोग्रॅम आणि कंपायलरची तक्रार तिथे शब्दशः नोंदलेली असते. बहुतेक वेळा निघतं एवढंच, की लायब्ररी यंत्रावर आहे, पण तिच्या हेडर फाइलींचं ‘डेव्ह’ पॅकेज टाकायचं राहिलं आहे.

ऑटोकॉन्फची आणखी एक सोय होती. कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवायला एम-फोर नावाची मॅक्रोभाषा लागते, पण ती चालवायला साधा शेल पुरतो. म्हणून लेखकाने आपल्या यंत्रावर स्क्रिप्ट तयार करायची आणि टारबॉलमध्ये घालून द्यायची, असा शिरस्ता पडला. घेणाऱ्याची सोय झाली. पण त्यामुळे टारबॉलमध्ये अशा फाइली आल्या ज्या मूळ कोडच्या साठ्यात नसतात, हजारो ओळींच्या असतात आणि कुणी वाचत नाही.

या तीन कमांडींनी नुसता प्रोग्रॅम बांधणं तुलनेने सोपं. लायब्ररी बांधणं हे जास्त जोखमीचं. प्रोग्रॅम चालला की संपलं. लायब्ररी मात्र दुसऱ्यांना सापडावी लागते, आणि तीही तीनदा: कंपायलरला तिच्या हेडर फाइली, लिंकरला तिची एसओ फाइल, आणि प्रत्यक्ष चालताना लोडरला पुन्हा तीच फाइल. मराठी माणसाला याचा अनुभव देवनागरीच्या निमित्ताने आला. ‘कि’ लिहिताना वेलांटी साठवली जाते क नंतर, दिसायला हवी क च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम लिनक्सवर ‘पँगो’ ही लायब्ररी करू लागली. २००२ मध्ये पडद्यावरच्या खिडक्या-बटणं उभारणारं जीटीके २.० तिच्या आधाराने आलं. आपल्याकडे लिनक्सचं जुनं वितरण असेल आणि मराठी नीट दिसायला हवं असेल, तर पँगो सोर्सवरून बांधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पँगोला जीलिब हवी, फॉन्टकॉन्फिग हवी. फॉन्टकॉन्फिगला फ्रीटाइप हवी आणि एक्सएमएल वाचणारी एक्सपॅटसारखी एखादी लायब्ररी हवी. प्रत्येकीचा टारबॉल वेगळा आणि डायल-अपवर प्रत्येक एमबी मोजून घ्यायचा. संगणक मासिकांसोबत येणाऱ्या सीडींवर लोक तुटून पडत ते उगाच नाही.

एवढं करून सगळं विनातक्रार कंपाइल व्हायचं, आणि प्रोग्रॅम सुरू करताच उत्तर यायचं: ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. फाइल तर डोळ्यांसमोर असते. झालेलं असतं असं, की मेक इन्स्टॉलने ती ‘यूएसआर-लोकल-लिब’मध्ये ठेवलेली असते आणि लोडरच्या यादीत ती डिरेक्टरीच नसते, किंवा असली तरी लोडर जुन्याच नोंदींवर चाललेला असतो. यादीत ओळ घालून ‘एलडीकॉन्फिग’ चालवलं की लोडरच्या नोंदी ताज्या होतात आणि प्रोग्रॅम उठतो. त्याहून वाईट म्हणजे यंत्रावर एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या होणं: एक वितरणाची, एक आपण बांधलेली. कंपाइल करताना एक सापडते, चालवताना दुसरी, आणि प्रोग्रॅम मधेच मान टाकतो. ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय सगळ्यांनी दिलेलीच असायची असंही नाही.

या कटकटीतून सुटका केली ती वितरणांनी. डेबियन आणि रेड हॅटच्या स्वयंसेवकांनी आणि नोकरदारांनी तीन कमांडी आपल्याकडे एकदाच चालवायच्या, तयार पॅकेज सगळ्यांना द्यायचं, आणि अवलंबून असलेल्या लायब्ररींची साखळी ‘अ‍ॅप्ट’सारख्या साधनाने सोडवायची. उलट दिशेने चालणारेही होते: २००२ मध्ये १.० आवृत्ती काढणारं जेंटू जवळजवळ सगळंच वापरणाऱ्याच्या यंत्रावर बांधत असे. ऑटोकॉन्फलाही पर्याय आले. वैद्यकीय प्रतिमांवर काम करणाऱ्या लायब्ररीसाठी २००० च्या सुमारास सीमेक तयार झालं, केडीईने ते आपलंसं केलं. पुढे मेसन आलं आणि ग्नोमची मंडळी तिकडे वळली. साधनं बदलली, पण करून पाहण्याची पद्धत तीच राहिली. टारबॉलवरचा विश्वासही तसाच राहिला.

त्याच विश्वासाचा गैरफायदा एक्सझेड प्रकरणात घेतला गेला. एक्सझेड ही फाइली आवळण्याची लायब्ररी. कित्येक टारबॉल तिच्यानेच आवळलेले असतात. लासे कॉलिन हा फिनलंडचा प्रोग्रॅमर ती वर्षानुवर्षं जवळपास एकहाती सांभाळत होता. काम लवकर होत नाही म्हणून लोक मागे लागले तेव्हा, हा आपला बिनपगारी छंद आहे, असं त्याने २०२२ मध्ये सांगितलंही होतं. ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी याच काळात मदतीचा हात पुढे केला, विश्वास कमावला आणि नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकार मिळवला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा होता. त्याचा गाभा चाचणीच्या नमुना फाइलींत दडवला होता. तो बाहेर काढून लायब्ररीत मिसळणारी एम-फोर फाइलीतली ओळ मात्र सार्वजनिक साठ्यात नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती. कॉन्फिगर आणि मेक चालवलं, आणि डेबियन किंवा रेड हॅट पद्धतीचं पॅकेज बनत असेल, तरच ती जागी व्हायची.

दुसरा एक बदल तर टिंबाएवढा होता. लँडलॉक ही लिनक्सची सुरक्षेची सोय यंत्रावर आहे का, हे पाहणाऱ्या सीमेकच्या चाचणी प्रोग्रॅममध्ये एका ओळीवर एकटाच पूर्णविराम घातलेला होता. त्यामुळे तो प्रोग्रॅम कधीच कंपाइल होणार नव्हता. आणि कंपाइल झाला नाही याचा अर्थ सोय नाही, असाच शिरस्ता! कुठे त्रुटी दिसली नसती की कुणी हटकलं नसतं.

२९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रॅमरने हे उजेडात आणलं. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा तो माग काढत होता; तो उशीर या चोरदरवाजामुळेच होत होता. वितरणांच्या मुख्य, स्थिर आवृत्त्यांत हा चोरदरवाजा तोवर पोचला नव्हता, म्हणून निभावलं.

यावर ‘मग स्वतःच सोर्सवरून बांधावं’ हे उत्तर पुरत नाही. सोर्स म्हणून हाती येत होता तो टारबॉलच दूषित होता. डेबियनमध्ये २०१३ पासून चाललेल्या ‘रिप्रोड्यूसिबल बिल्ड’च्या कामाने तयार पॅकेज आणि दिलेला सोर्स यांचा मेळ घालता येतो. वेळेचे शिक्के, फोल्डरची नावं, फाइलींचा क्रम यांमुळे येणारे फरक काढून टाकले, की कुणीही कुठेही बांधलं तरी बाइट न् बाइट तोच यायला हवा. पण त्याच्या आधीची पायरी, म्हणजे टारबॉल आणि मूळ साठा यांचा मेळ, एक्सझेडनंतरच गांभीर्याने घेतली गेली. आता बरेच जण तयार टारबॉल नाकारून थेट साठ्यातून कोड घेतात आणि कॉन्फिगर स्वतः तयार करून घेतात. घेणाऱ्याच्या सोयीसाठी पडलेला जुना शिरस्ता त्यांनी मोडला, हे योग्यच केलं.

दोन गोष्टी मात्र अजून व्हायच्या आहेत. एक, कंपाइल न होण्याचं कारण न बघता ‘नाही’ असा निकाल देणाऱ्या चाचण्या बदलायला हव्यात. निदान सुरक्षेच्या सोयींपुरत्या तरी त्या अपयशाने थांबल्या पाहिजेत. दुसरी गोष्ट पैशांची. ज्या लायब्ररीवर जगभरचे सर्व्हर उभे आहेत ती एक माणूस रात्री जागून फुकट सांभाळत असेल, तर पुढचा जिया टॅन मदतनीस बनूनच येईल, आणि त्याचं स्वागतच होईल. तिच्यावर धंदा करणाऱ्यांनी त्या माणसाच्या हाताखाली पगारी माणसं द्यावीत.