दुसऱ्या मियाटाची बाजू

जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला निकाल लागलेला असतो: पहिली ती खरी, पुढच्या सगळ्या फुगलेल्या. या निकालात तथ्य आहे हे मी कधीच नाकारलं नाही. जग्वार ई-टाइप १९६१ साली आली तेव्हा तिच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत २४३८ मिलिमीटर अंतर होतं. १९७१मध्ये बॉनेटखाली व्ही-१२ आलं आणि हे अंतर २६६७ झालं. पोर्शे ९११ सुरुवातीला ४१६३ मिलिमीटर लांब होती, आज ती साडेचार मीटरच्या पुढे गेली आहे. बीएमडब्ल्यूची पहिली एम३ बाराशे किलोच्या आसपास होती आणि आजची सतराशेच्या वर आहे. याची कारणं वाचकांना ठाऊक आहेत. अपघाताच्या चाचण्या, एअरबॅग, धुराचे नियम, वातानुकूलन, आणि गाडीबरोबर वयाने, पैशाने आणि कमरेने वाढत जाणारा गिऱ्हाईक. संसारात सामान वाढतं तसं ते गाडीत वाढलं, आणि टाकून द्यायला कुणाचाच हात धजला नाही.

हा नियम मोडणारी एक गाडी आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी तिच्याबद्दल लिहीत आलो आहे. जगात माझदा एमएक्स-५, अमेरिकेत मियाटा, जपानात आधी युनोस रोडस्टर आणि मग नुसती रोडस्टर. चार पिढ्या झाल्या: एनए, एनबी, एनसी, एनडी. जपानी बाजारातल्या सर्वांत साध्या गाड्यांची वजनं घेतली तर पहिली ९४० किलो, दुसरी हजाराच्या थोडी वर, तिसरी १०९०, आणि चौथी पुन्हा ९९०. पंचवीस-सव्वीस वर्षांनी, सगळे नियम पाळून, सगळ्या एअरबॅगा भरून एखादी स्पोर्ट्स कार आपल्या जन्माच्या वजनापासून पन्नास किलोंवर येऊन थांबते, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून आधीच्या आणि नंतरच्या आवृत्त्यांची तुलना करायची तर ती या गाडीवर करावी. इथे ‘जुनं ते सोनं’ म्हणून सुटता येत नाही.

जन्मकथा सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. बॉब हॉल या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ साली केनिची यामामोतोंना सांगितलं की ब्रिटिशांनी सोडून दिलेली साधी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी तुम्ही करा. पुढच्याच वर्षी ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद पडला, म्हणजे मैदान खरोखर मोकळं झालं. नंतर माझदाच्या आत जपानी आणि कॅलिफोर्नियातल्या चमूंची स्पर्धा झाली. जपानकडून पुढच्या चाकांवर चालणारी आणि मधोमध इंजिन असलेली असे प्रस्ताव आले, कॅलिफोर्नियाने इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना हा जुना नेम धरला आणि तोच जिंकला. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली.

पहिल्या पिढीबद्दल लिहिणारे तिच्या उघडमीट होणाऱ्या दिव्यांवर थांबतात. थांबायचं तर जमिनीवर आडवं पडून गाडीखाली बघावं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. त्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच कण्यात बांधले जातात. क्लच सोडल्यावर मागे जी ढिलाई, जो धक्का स्वस्त गाड्यांत जाणवतो, तो इथे नाही. पाय दाबला की गाडी त्याच क्षणी उत्तर देते. चारही चाकांना दुहेरी विशबोन आहेत, जे त्या किमतीच्या गाडीला कुणी देत नव्हतं. तोशिहिको हिराई आणि त्यांच्या माणसांनी पैसा नेमका जिथे दिसत नाही तिथे खर्च केला. १.६ लिटरचं इंजिन घरच्याच सेडानमधलं होतं, जपानात १२० अश्वशक्तीचं. तेवढं पुरे होतं. स्वस्तातल्या प्रतीला पॉवर स्टिअरिंग नसे, आणि ती गाडी ज्यांनी चालवली त्यांना रस्त्यावरचा खडा न् खडा तळहाताला कळतो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

मग वाद कुठे आहे? वाद दुसऱ्या पिढीचा आहे, आणि तिथे माझं काही मित्रांशी अनेक वर्षांचं भांडण आहे. एनबी म्हणजे ‘दिवे बदललेली एनए’, असं एका प्रतिष्ठित अंकात छापून आलं होतं. पुढे बऱ्याच जणांनी ते गाडी न चालवताच उचललं. त्या एका वाक्याने या गाडीचं जितकं नुकसान केलं तितकं गंजानेही केलं नसेल.

१९९७च्या टोकियो प्रदर्शनात एनबी दिसली आणि लोकांनी दिव्यांसाठी सुतक धरलं. ते दिवे गेले याची कारणं साधी होती. पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियम येऊ घातले होते. शिवाय दोन मोटारी, त्यांच्या दांड्या आणि झाकणं हे सगळं वजन गाडीच्या अगदी नाकावर, पुढच्या चाकांच्याही पुढे बसत होतं. हलक्या गाडीत नाकावरचं वजन सर्वांत महाग पडतं, कारण वळताना तेच ओढतं. दिवे गेले ते बरं झालं, असं मी तेव्हा लिहिलं आणि आजही लिहितो.

पण एनबीची खरी बाजू सांगाड्यात आहे. चाकांमधलं अंतर तेच ठेवलं, २२६५ मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा कणा तोच, विशबोन तेच, स्टिअरिंग अजून तेलाच्या दाबावरच चालणारं, ॲक्सिलरेटरला अजून खरी केबल. चौकटीला जागोजागी बळकटी दिली. एनए खराब रस्त्यावर समोरच्या काचेच्या चौकटीतून थरथरते. तिच्या प्रेमिकांना ती थरथर गोड वाटते, पण दणकट सांगाडा नसेल तर उत्तम सस्पेन्शन अर्धंच काम करतं. तिथे सस्पेन्शनऐवजी पत्रा वाकतो. एनबीत पत्रा गप्प राहतो आणि स्प्रिंगा बोलतात. ताकाओ किजिमा हे पहिल्या गाडीच्या चेसिसवर काम केलेले इंजिनिअर इथे प्रमुख होते. एनबी चालवताना जाणवतं की पहिल्या गाडीत राहून गेलेलं काम कुणीतरी शांतपणे पुरं केलं आहे.

लहान गोष्टी घ्या. एनएच्या टपाला मागे प्लास्टिकची खिडकी होती. टप पाडण्यापूर्वी ती चेन उघडून वेगळी खाली घालावी लागे, नाहीतर घडी पडून ती कायमची पांढरट होई. एनबीला काच दिली, तीही गरम होणारी. आता बसल्या जागेवरून एका हाताने टप मागे टाकता येतो. ज्या गाडीचा जन्मच आभाळाखाली चालवण्यासाठी झाला तिथे ही सोय फार मोठी आहे, कारण त्यामुळे माणूस दहा मिनिटांच्या उन्हासाठीही टप उघडतो. जादा चाक आणि बॅटरी डिकीच्या तळाशी नेली. त्याने वजन खाली गेलं आणि दोन माणसांच्या आठवड्याचं सामान मावू लागलं.

१९९९च्या दशकपूर्तीच्या गाडीला सहा गिअर मिळाले आणि ते पुढे १.८च्या बऱ्याच गाड्यांत आले. माझं मन मात्र पाच गिअरच्या १.६वर आहे. पाचचा गिअरबॉक्स हाताला जास्त मऊ आहे आणि गिअरमधली अंतरं असं काम देतात की डोंगरातल्या रस्त्यावर दुसरा आणि तिसरा पुरतात. इंग्लंडमध्ये वेल्सच्या बाजूला एका मराठी स्नेह्याच्या एनबीत मी अशा रस्त्यांवर फिरलो. ओल्या डांबरावर मागचं चाक किंचित सरकायच्या आधी सीटमधून सूचना येते, स्टिअरिंग हलकं होतं, आणि माणसाला विचार करायला वेळ मिळतो. वेग फार नसतो. सामान्य माणसाला गाडीच्या मर्यादेपर्यंत जाऊन सुखरूप परत येता येतं, हीच या गाडीची थोरवी आहे. पाचशे अश्वशक्तीच्या आजच्या गाड्यांत ती मर्यादा सार्वजनिक रस्त्यावर कधी दिसतच नाही.

अश्वशक्तीच्या आकड्यांना किती भुलावं याचा धडाही याच पिढीने दिला. २००१च्या अमेरिकी गाडीसाठी माझदाने १५५ अश्वशक्ती जाहीर केली होती, प्रत्यक्षात ती १४२ निघाली. कंपनीने गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. तेरा अश्वशक्तीच्या या फरकाने गाडी चालवण्याची मजा कमी झाली नव्हती. २००४ची टर्बो आली तेव्हा आकड्यांच्या भक्तांना आनंद झाला. ती वाईट नाही, पण त्या गाडीला तिची गरज नव्हती.

तिसऱ्या पिढीवर मी फार रेंगाळणार नाही. २००५मध्ये एनसी आली, चाकांमधलं अंतर २३३० झालं, रचनेचा बराच भाग आरएक्स-८शी जुळवून घेतला. तिला त्या वर्षीचा जपानचा सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला. विजेवर घडी होणारा कडक टप पुढच्या वर्षी आला, बारा सेकंदांत मिटणारा आणि डिकीची जागा न खाणारा. अभियांत्रिकी म्हणून तो उत्तम आहे. गाडी मात्र उंच बसते, वळताना अंगाने जास्त झुकते, आणि २ लिटरचं इंजिन कामसू असलं तरी वरच्या फेऱ्यांत गात नाही. लांबच्या प्रवासाला घ्यावी.

चौथीची गोष्ट वेगळी आहे. २०१५च्या एनडीत नोबुहिरो यामामोतोंच्या चमूने ग्रॅममध्ये हिशेब केला. बॉनेट, डिकीचं झाकण, पुढचे मडगार्ड ॲल्युमिनियमचे केले. गाडी ३९१५ मिलिमीटर लांब, म्हणजे पहिलीपेक्षाही आखूड. जपानात १.५ लिटरचं इंजिन ठेवलं आणि तीच खरी प्रत आहे. २ लिटरला २०१८मध्ये ७५०० फेऱ्यांची मुभा मिळाली तेव्हा तेही जिवंत झालं. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी गाडी हिरोशिमातून बाहेर पडली. एनडीने जुन्या गाड्यांच्या कैवाऱ्यांचं तोंड बंद करायला हवं होतं आणि बहुतेकांचं केलंही. माझी एकच तक्रार आहे, पण ती मोठी आहे. स्टिअरिंगला विजेची मोटर आली. ते अचूक आहे, हलकं आहे, पण रस्ता हाताशी बोलायचा थांबतो. पहिल्या तीन पिढ्यांतलं सर्वांत मोलाचं देणं चौथीने वजनाच्या बदल्यात दिलं.

आपल्याकडे यातली एकही पिढी शोरूममध्ये आली नाही. गोव्यात १९९८च्या सुमारास सॅन मोटर्सने स्टॉर्म नावाची दोन माणसांची उघडी गाडी बनवली, फायबरची बॉडी आणि रेनोचं लहान इंजिन. जोर पुढच्या चाकांना होता आणि गाडी अपुरी होती, पण हेतू बरोबर होता: लहान, हलकी, परवडणारी. त्या वाटेवर पुढे कुणी गेलं नाही. आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर अडीच टनांच्या एसयूव्हींना ‘स्पोर्ट’ म्हणून विकतात, आणि मराठीतलं मोटार-लेखन ० ते १०० किती सेकंदांत आणि पडदा किती इंचांचा एवढ्यावर येऊन थांबलं आहे. परीक्षणात गाडीचं वजन छापणंही बंद झालं. पूर्वी ते पहिल्या परिच्छेदात असे. हे थांबवावं अशी माझी तरुण लेखकांना कळकळीची विनंती आहे. किती किलो आणि ते कुठे बसलेत, हे आधी लिहा, बाकीचं नंतर.

माझा निकाल असा. संग्रहासाठी एनए घ्यावी. माझदाने २०१७पासून जपानात तिच्या जीर्णोद्धाराची सोयही सुरू केली आहे. रोज वापरायला एनडी. आणि चालवायला, शिकायला, जीव लावायला एनबी, १.६, पाच गिअर.

ज्यांची मुलं किंवा भावंडं इंग्लंड-अमेरिकेत आहेत त्यांनी तिकडे गेल्यावर एनबी जरूर बघावी. चारही पिढ्यांत तिच्याकडेच सर्वांत कमी लोकांचं लक्ष जातं, म्हणून ती अजून परवडते. मात्र सौदा करण्याआधी गाडी वर उचलून दोन जागा बोटांनी दाबून बघा: मागच्या चाकाच्या पुढे दाराखालचा पत्रा, आणि बॉनेटखालून पुढे जाणाऱ्या चेसिसच्या दोन दांड्या. रस्त्यावरच्या मिठाने त्या दांड्या आतून सडतात आणि वरून रंग शाबूत दिसतो. तिथे पत्रा मऊ लागला तर किंमत कितीही उतरवून मिळाली तरी ती गाडी सोडा आणि दुसरी शोधा.