नेत्यांचं वय किती, आणि आपलं किती?



आज आपण वयाबद्दल बोलणार आहोत. घाबरू नका, तुमचं वय मी विचारणार नाही. बोलायचंय ते राज्य चालवणाऱ्यांच्या वयाबद्दल. मुख्यमंत्री, आमदार, सरपंच ही माणसं कितव्या वर्षी खुर्चीवर बसतात, कधीपर्यंत बसतात आणि कायदा त्याबद्दल काय सांगतो, ते बघू.

तुम्ही म्हणाल, त्यांचं वय कळून आपल्याला काय करायचंय? सांगते. गटाच्या बैठकीत ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. तेवीस-चोवीस वर्षांच्या सुनेला म्हणतात, "तू अजून लहान आहेस, तुला काय कळतंय?" आणि साठीच्या मावशींना म्हणतात, "आता तुमचं वय झालं, नातवंडं सांभाळा." मधल्या वयाच्या बाईला तर कुणी काही म्हणायचीही गरज नसते. मुलांच्या शाळा, जनावरं, रोजंदारी, सासू-सासऱ्यांची दुखणी यातून तिला मान वर करायला वेळ नसतो. मग बाईने उभं राहायचं तरी कितव्या वर्षी? हा प्रश्न मनात ठेवा आणि पुढचं ऐका.

आधी कायदा. मत द्यायला १८ वर्षं पूर्ण लागतात. पूर्वी २१ लागायची. राज्यघटनेत ६१ वी दुरुस्ती झाली आणि १९८९ पासून अठरा वर्षांच्या मुला-मुलींना मत मिळालं. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला उभं राहायचं तर २१ वर्षं पूर्ण हवीत. आमदार किंवा खासदार म्हणून लोकांतून निवडून जायचं तर २५. विधान परिषद आणि राज्यसभेसाठी ३०. राज्यपाल आणि राष्ट्रपती होण्यासाठी ३५.

मुख्यमंत्र्यासाठी वेगळं वय लिहिलेलं नाही. पण मुख्यमंत्री झालेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत विधानसभेचं किंवा विधान परिषदेचं सदस्य व्हावंच लागतं. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ते कुठल्याच सभागृहात नव्हते, आणि मे २०२० मध्ये विधान परिषदेवर गेले, ते याच नियमामुळे. म्हणजे हिशेबाने मुख्यमंत्री व्हायला कमीत कमी २५ वर्षं पूर्ण हवीत.

आता जास्तीत जास्त वय किती? मैत्रिणींनो, त्याला मर्यादाच नाही. सरकारी नोकरीत आपल्याकडे बहुतेकांना ५८ व्या वर्षी घरी जावं लागतं. हायकोर्टाचे न्यायाधीश ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. निवडून येणाऱ्याला मात्र निवृत्तीची तारीख नाही. लोक मत देतात तोवर सत्तरीतही उभं राहता येतं आणि नव्वदीतही.

वय काढायचं कसं, तेही शिकून घेऊ, कारण आपल्या अर्जांनाही तेच लागतं. ज्या वर्षाचं वय काढायचं, त्यातून जन्माचं वर्ष वजा करायचं. त्या वर्षीचा वाढदिवस अजून यायचा असेल तर आणखी एक वजा करायचा. शरद पवारांचं उदाहरण घ्या. जन्म १२ डिसेंबर १९४०. पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले १८ जुलै १९७८ ला. १९७८ वजा १९४० म्हणजे ३८. पण जुलैत डिसेंबरचा वाढदिवस यायचाच होता. म्हणून पूर्ण झालेली वर्षं ३७. बोलताना आपण "अडतिसाव्या वर्षी" म्हणतो तेही बरोबरच, कारण अडतिसावं चालू होतं. कागदावर मात्र पूर्ण झालेली वर्षंच धरतात.

याच रीतीने महाराष्ट्राच्या आणखी काही मुख्यमंत्र्यांचं शपथ घेतली त्या दिवशीचं वय काढू. यशवंतराव चव्हाण, १ मे १९६० ला राज्य झालं तेव्हा ४७. वसंतराव नाईक, १९६३ मध्ये ५०. विलासराव देशमुख, १९९९ मध्ये ५४. देवेंद्र फडणवीस, २०१४ मध्ये पहिल्यांदा ४४ आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिसऱ्यांदा शपथ घेतली तेव्हा ५४. उद्धव ठाकरे ५९. एकनाथ शिंदे, २०२२ मध्ये ५८. म्हणजे पवार सोडले तर यातले सगळे चव्वेचाळीस ते साठच्या मधले.

पण देशात नजर टाकली तर दोन्ही टोकं दिसतात. आसाममध्ये प्रफुल्लकुमार महंत विद्यार्थ्यांच्या आंदोलनातून पुढे आले आणि १९८५ मध्ये ३३ व्या वर्षी मुख्यमंत्री झाले. अरुणाचल प्रदेशात पेमा खांडू २०१६ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा ३६ वर्षांचे होते. उत्तर प्रदेशात मायावती १९९५ मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाल्या तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या.

दुसऱ्या टोकाला केरळचे व्ही. एस. अच्युतानंदन. ते २००६ मध्ये मुख्यमंत्री झाले तेव्हा त्यांचं वय होतं ८२. आपल्या एसटीत पंचाहत्तरी झाली की तिकीट लागत नाही. त्याहून सात वर्षांनी मोठा माणूस तिकडे राज्याचा कारभार हातात घेत होता. पंजाबचे प्रकाशसिंग बादल १९७० मध्ये पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा ४२ वर्षांचे होते आणि शेवटचं पद सोडलं २०१७ मध्ये, ८९ व्या वर्षी. पश्चिम बंगालचे ज्योती बसू सलग तेवीस वर्षं मुख्यमंत्री होते. २००० मध्ये, ८६ वर्षांचे असताना, प्रकृतीमुळे ते स्वतःहून बाजूला झाले.

आणि आपले सांगोल्याचे गणपतराव देशमुख! १९६२ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. एकाच तालुक्यातून अकरा वेळा निवडून आले. शेवटची निवडणूक जिंकली २०१४ मध्ये, तेव्हा वय होतं ८८. याउलट शेजारच्या सांगली जिल्ह्यात तासगाव-कवठेमहांकाळमधून २०२४ मध्ये रोहित पाटील निवडून आले ते २५ व्या वर्षी, म्हणजे कायद्याने लागतं तेवढंच वय झाल्यावर.

हे सगळे कारभारी चांगले की वाईट, हे मी सांगत नाही. त्याचा निवाडा त्या त्या ठिकाणच्या मतदारांनी केला. मला दाखवायचंय ते एवढंच, की पंचविशीचा माणूस लहान म्हणून थांबला नाही आणि अठ्ठ्याऐंशीचा म्हातारा म्हणून थांबला नाही. ही दोन्ही वाक्यं बाईसाठी मात्र अगदी तयार ठेवलेली असतात.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पन्नाशीत मोठ्या खुर्चीवर बसलेल्या माणसाने सुरुवात कधी केली, ते बघा. विलासराव देशमुख चोपन्नाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले, पण १९७४ मध्ये, तिशी गाठायच्या आधी, ते आपल्या बाभळगावचे सरपंच झाले होते. आर. आर. पाटील, म्हणजे ज्यांनी ग्रामस्वच्छता अभियान गावोगाव नेलं ते आबा, १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेत निवडून आले तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते. फडणवीस १९९२ मध्ये नागपुरात नगरसेवक झाले, म्हणजे तेही विशीच्या सुरुवातीलाच. पन्नाशीला पोचेपर्यंत या माणसांच्या गाठीला वीस-पंचवीस वर्षांची शिदोरी होती. ठराव कसा मांडायचा, निधी कुठून आणायचा, अधिकाऱ्याशी कसं बोलायचं, हे सगळं आधीच अंगवळणी पडलेलं.

बाईची हीच वीस वर्षं कुठे जातात? लग्न, बाळंतपणं, मुलं, घर. ती मोकळी होते पंचेचाळिशीला, आणि तेव्हा तिला म्हणतात, "तुम्हाला अनुभव नाही." आपल्या राज्यात २०११ पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. सरपंचपदंही निम्मी राखीव आहेत. तरी महाराष्ट्राने आजवर एकही स्त्री मुख्यमंत्री पाहिलेली नाही. शेजारच्या गोव्यात, तो केंद्रशासित असताना, शशिकलाताई काकोडकर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या, ३८ व्या वर्षी. लवकर सुरुवात झाली तर बाई कुठवर जाते, याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. जळगावच्या प्रतिभाताई पाटील १९६२ मध्ये आमदार झाल्या तेव्हा २७ वर्षांच्या होत्या. २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या तेव्हा ७२ वर्षांच्या. सत्ताविसाव्या वर्षी त्यांना कुणी "अजून लहान आहेस" म्हणून घरी बसवलं असतं तर?

तर मैत्रिणींनो, आता कामाचं बोलू. वय बसत असूनही आपली बाई अर्जाच्या वेळी कुठे अडते, ते तीन ठिकाणी बघा.

पहिलं ठिकाण, मतदार यादी. ज्या गावात उभं राहायचं, त्या ग्रामपंचायतीच्या यादीत नाव पाहिजे. लग्न होऊन आलेल्या मुलीचं नाव कित्येकदा माहेरीच राहतं. मुलगी २२ वर्षांची, बारावी झालेली, गटाचं पुस्तक चोख लिहिणारी, पण सासरच्या यादीत नाव नाही. मग तिला मतही देता येत नाही आणि उभंही राहता येत नाही. यासाठी आठ नंबरचा फॉर्म भरून पत्ता बदलून घ्यायचा. ज्या मुलीचं नाव कुठेच नाही, तिने सहा नंबरचा भरायचा. फॉर्म आपल्या भागाच्या बीएलओकडे मिळतो, मोबाइलवरूनही भरता येतो. नवीन नावासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला अठरा पूर्ण झाली की नाव घालता येतं. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरून करतात आणि त्यासाठी एक ठराविक तारीख धरतात. त्या तारखेनंतर धावपळ करून उपयोग होत नाही.

दुसरं ठिकाण, जन्मतारीख. आपल्यात कितीजणींची जन्मतारीख १ जून आहे? शाळेत घालताना गुरुजींनी लिहिली, तीच पुढे चालत आली. असू द्या. पण शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी आणि मतदार ओळखपत्रावर तिसरी, असं असेल तर छाननीच्या दिवशी समोरचा उमेदवार हरकत घेऊ शकतो. श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षांचा पुरावा देतानाही हाच घोळ आडवा येतो. म्हणून सगळे कागद एकदा शेजारी ठेवून बघा आणि फरक असेल तो आत्ताच दुरुस्त करून घ्या.

तिसरं ठिकाण, शिक्षणाची अट. १ जानेवारी १९९५ ला किंवा त्यानंतर जन्म झालेल्या उमेदवाराला ग्रामपंचायतीसाठी सातवी पास असावं लागतं. त्याआधी जन्म झालेल्यांना ही अट नाही. म्हणजे साठीच्या मावशी अंगठा लावत असल्या तरी त्या उभ्या राहू शकतात. आणि सहावीतून शाळा सुटलेल्या तरुण सुनेला मात्र आधी सातवी करावी लागेल. वयाचा उलटा फायदा म्हणतात तो हा! मावश्यांनो, ऐकताय ना?

शेवटी आपल्या गटाबद्दल. काही गटांत दहा-दहा वर्षं तीच अध्यक्ष, तीच सचिव. त्या बायका प्रामाणिक असतात, बँकेत सगळे त्यांना ओळखतात, म्हणून कुणी बदलाचं नाव काढत नाही. पण त्यामुळे बाकीच्या आठ-नऊजणींना बँकेच्या साहेबांसमोर बोलायची सवयच लागत नाही. आमच्याकडच्या काही गटांनी जोडी लावली आहे. अध्यक्ष मोठ्या वयाची, सचिव तिशीच्या आतली. मोठीला गावातली माणसं ठाऊक, भांडण कसं मिटवायचं ते ठाऊक. धाकटीला मोबाइल येतो, अर्ज लिहिता येतो. दोन वर्षांनी धाकटी पुढे होते आणि नवी धाकटी येते. ग्रामसभेलाही दोघी मिळूनच जातात. विलासरावांना सरपंचपदाने जे शिकवलं, ते आपल्या सुनांना शिकायची पहिली जागा म्हणजे हा गट.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढा. हजेरीच्या वहीत प्रत्येकीच्या नावापुढे दोन गोष्टी लिहा. पूर्ण झालेली वर्षं किती, आणि मतदार यादीत नाव कुठल्या गावात आहे. जिच्यापुढे २१ किंवा त्याहून मोठा आकडा आणि आपल्याच गावाचं नाव असेल, तिच्याकडे नीट बघा. ती सुनबाई असेल नाहीतर आजी असेल, कायद्याने वय तिच्या आड येत नाही. आणि जिच्यापुढे दुसऱ्या गावाचं नाव आलं, तिचा आठ नंबरचा फॉर्म त्याच आठवड्यात भरून टाका.