गरगर फिरा, पण भोवळ नको!

मराठीच्या प्राध्यापिकेने फुगडीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण विषय माझ्या प्रांतातलाच आहे. ‘चक्कर मारणे’ आणि ‘चक्कर येणे’ या दोहोंसाठी आपल्या भाषेने एकच शब्द योजला. जणू पहिलीमागून दुसरी यायचीच! ती यायलाच हवी असे मात्र नाही, हे सांगण्यासाठी हा प्रपंच.

फुगडी हे आपले अस्सल जोडीचे नृत्य. दोघींनी पावले जुळवायची, उजव्या हाताने समोरचीचा उजवा आणि डाव्याने डावा हात घट्ट धरायचा, अंग मागे झोकायचे आणि फिरायचे. श्रावणातल्या मंगळागौरीपासून पंढरीच्या वारीपर्यंत ती चालते. वारीत तर पुरुषमंडळीही मागे नसतात.

मग भोवळ येते कशाने? दोष पायांचा नव्हे, कानाचा. आतल्या कानात एकमेकींशी काटकोन करून असलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरू लागले की नलिका फिरते, पण द्रव मागे रेंगाळतो. त्याच्या दाबाने सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला वर्दी जाते, ‘आपण फिरतो आहोत.’ फिरणे चालूच राहिले तर थोड्या वेळाने द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो. खरी गंमत पुढेच आहे. आपण थांबतो, द्रव थांबत नाही. रवी थांबली तरी ताक काही वेळ घुमत राहते ना, तसेच हे. पाय स्थिर, आणि कान सांगतो की उलट दिशेने फिरतो आहोत! डोळे बिचारे कानाचे ऐकून भिरभिरतात. म्हणूनच फुगडी सुटल्यावर मुली भिंत शोधतात.

कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असले की रोग्याला गरगरते, हे हेरून या इंद्रियाचा अभ्यास करणारे डॉक्टर म्हणजे व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी. त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. योगायोग असा, की व्हिएन्ना हे वॉल्ट्झ नाचाचेही शहर. तिथल्या वेगवान वॉल्ट्झमध्ये मिनिटाला सुमारे १८० ठेके पडतात आणि सहा ठेक्यांत जोडपे एक गिरकी पुरी करते. म्हणजे मिनिटाला ३० गिरक्या! नाचणारे मान ताठ ठेवतात आणि मधूनमधून फिरण्याची दिशा बदलतात.

कथ्थकमधली नर्तकी आणखी एक युक्ती करते. अंग वळले तरी ती नजर समोर रोखून धरते आणि शेवटी मान झटकन फिरवून पुन्हा तिथेच आणते. फुगडीत याहून सोपा उपाय आहे. सारी खोली फिरत असते, पण आपल्या दृष्टीने एक गोष्ट जागची हलत नाही: जोडीदारणीचा चेहरा. नजर तिथे खिळली की मेंदू डोळ्यांचे भिरभिरणे आवरून धरतो.

माझ्या थोरल्या वहिनींची गोष्ट सांगते. पन्नाशीत त्यांना कूस बदलली की खोली फिरल्यासारखी वाटू लागली. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून नलिकेत शिरले होते. डॉक्टरांनी त्यांचे डोके ठरावीक रीतीने वळवून ते जागी बसवले. आजार गेला, भीती राहिली. एकेकाळी रात्रभर मंगळागौर जागवणाऱ्या वहिनी लेकीच्या पहिल्या मंगळागौरीला कोपऱ्यात बसून राहिल्या. ते मला पाहवेना. डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले, “हळूहळू फिरू द्या.” मग रोज संध्याकाळी आम्ही दोघी बैठकीच्या खोलीत उभ्या राहू लागलो. पहिल्या दिवशी एकच फेरी.

“वन्सं, हात सोडू नका हं!”

“वहिनी, तुम्ही फक्त माझ्या कुंकवाकडे पाहा.”

महिन्याभरात दहा फेऱ्या झाल्या. दुसऱ्या वर्षीच्या मंगळागौरीला वहिनींनी लेकीचे हात धरून फुगडी घातली, आणि थांबल्यावर भिंत शोधली नाही.

सरावाने मेंदू शिकतो, हा केवळ आमच्या घरचा अनुभव नव्हे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ साली बॅले नर्तकींची आणि नौका वल्हवणाऱ्या स्त्रियांची तुलना केली. अंधारात खुर्ची फिरवून थांबवल्यावर नर्तकींची भोवळ लवकर ओसरली.

तेव्हा मैत्रिणींनो, एवढे ध्यानात ठेवा. भरल्या पोटी फिरू नका. मान ताठ ठेवा. फिरता फिरता पावलांकडे वाकून पाहिले, की दुसऱ्या नलिकाही खवळतात आणि मळमळते. एकदम थांबू नका, वेग उतरवत आणा. थांबल्यावर हात लगेच सोडू नका. एका जागी नजर ठेवून चार श्वास घ्या. पुढची फुगडी उलट दिशेने घाला. मात्र न फिरताच चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.

दिवाळीत घर माणसांनी भरते, माहेरवाशिणी येतात. फराळ जरा जिरू द्या, खुर्च्या बाजूला सारा आणि ‘आता आपलं वय का आहे?’ म्हणणाऱ्या एखाद्या मावशी-आत्याला हाताला धरून उठवा. फक्त तिला सांगा, “माझ्याकडे पाहा,” आणि तुम्हीही तिच्याकडेच पाहा.