परदेशी गेलं तरी कार्डाचं देणं इथंच असतं

राजापेठेतलं पोरगं दुबईला नाहीतर कॅनडाला जातं, क्रेडिट कार्डाची थकबाकी मागं राहते. मग वसुलीवाले घरी येतात अन् आईवडील घाबरतात. आधी हे समजून घेऊ, की वडील जामीनदार नसतील तर ते देणं त्यांच्याकडून वसूल करता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोनसुद्धा करता येत नाही.

पण म्हणून पोरगं सुटलं का? ‘तीन वर्षं गेली की देणं बुडतं’, असं आपण ऐकतो. १९६३ च्या मुदत कायद्यात दाव्याला ३ वर्षं आहेत, हे खरं. पण त्याच कायद्याचं कलम १५ सांगतं, की देणेकरी भारताबाहेर असेल तेवढा काळ मुदतीत धरायचा नाही. म्हणजे मुदतीचं घड्याळ थांबलेलं, व्याजाचं मात्र चालूच!

म्हणून पोरानं स्वतः बँकेला ईमेल करावा. तडजोड लेखी घ्यावी, पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट मागावं. तडजोडीनं सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पूर्ण रक्कम भरणं केव्हाही चांगलं. आईवडिलांनी मात्र भीतीपोटी कुठल्याही कागदावर सही करू नये.