कायद्याच्या दारी : लेखांक ९ — अपहरणाच्या आणि मारहाणीच्या शिक्षेवरील अपील

मुलीला फूस लावून पळवून नेले आणि आडव्या आलेल्या नातलगांस मारहाण केली, अशा दुहेरी आरोपाखाली पेठ तालुक्यातील एखाद्या तरुणास शिक्षा होते, तेव्हा कोटंबी व सावळ हे दोन्ही घाट ओलांडून नाशिकला आलेले त्याचे आईबाप निकाल ऐकून, आता सारे संपले अशा समजुतीने, मुकाट्याने परतीची गाडी धरतात. या समजुतीइतके घातक दुसरे काही नाही. शिक्षेवरचे पहिले अपील ही कोणी केलेली मेहरबानी नसून कायद्याने दिलेला हक्क आहे आणि त्यात वरच्या न्यायालयाला केवळ कायद्याचा मुद्दा नव्हे, तर साक्षीपुराव्याचे सगळे दप्तर नव्याने तपासावे लागते.

१८७८ मध्ये पेठ संस्थानच्या बेगमेच्या निधनानंतर ते संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात सामील झाले, तेव्हापासून या मुलखाच्या दादफिर्यादीचा मोठा दरवाजा नाशिकच आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने शिक्षा दिली असेल तर अपील नाशिकच्या सत्र न्यायालयात होते. सत्र न्यायाधीशाने दिली असेल तर मुंबईच्या उच्च न्यायालयात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३७४ यासाठी होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१५ ने घेतली आहे. मुदत सत्र न्यायालयासाठी ३० दिवसांची, उच्च न्यायालयासाठी ६० दिवसांची. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस या मुदतीतून वजा होतात आणि सबळ कारण दाखविल्यास झालेला विलंबही माफ होऊ शकतो. परंतु माफीच्या भरवशावर कोणी बसू नये.

नकलेचे महत्त्व महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने साऱ्या देशाला शिकविले. विद्यापीठाच्या बनावट पदव्यांच्या प्रकरणी दोषी ठरलेल्या माधव हयवदनराव होसकोट यांना उच्च न्यायालयाने तीन वर्षांची सजा दिली. सर्वोच्च न्यायालयात त्यांचा अर्ज पोहोचला तो चार वर्षांहून अधिक काळाने, शिक्षा भोगून झाल्यावर. निकालाची प्रत आपल्या हाती कधी आलीच नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ती दिल्याची त्यांच्या सहीची पोच तुरुंगाकडे नव्हती. १९७८ च्या निवाड्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांचा अर्ज नामंजूर केला खरा, पण त्याबरोबरच कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य आणि लेखी पोच घेऊन मिळालीच पाहिजे, व वकील करण्याची ऐपत नसेल त्याला तो सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे, असा दंडक घालून दिला. ज्या माणसाला स्वतःला या निवाड्याचा काही लाभ झाला नाही, त्याच्या नावावर हजारो कैद्यांचा हक्क उभा राहिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता अपिलात मांडायचे काय? अल्पवयीन मुलीला पालकांच्या ताब्यातून नेल्याचा आरोप असेल तर तिची संमती हा बचाव होऊ शकत नाही. पण तिला 'नेले' की ती आपण होऊन गेली, हा प्रश्न शिल्लक राहतोच. वरदराजन विरुद्ध मद्रास सरकार या खटल्यात मुलीला अठरावे वर्ष पूर्ण होण्यास थोडाच अवधी होता, ती सुशिक्षित होती, तिनेच दूरध्वनी करून आरोपीला बोलावून घेतले होते. आरोपीने तिला घर सोडण्यास प्रवृत्त केल्याचा पुरावा नाही, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. उलट १९७३ च्या गुजरातेतील वडगामा खटल्यात आरोपीने आधीपासून भेटवस्तू व आमिषे देऊन मुलीचे मन वळविले होते, म्हणून शिक्षा कायम राहिली. शेवटच्या दिवशीचे वर्तन पुरेसे नाही. त्यापूर्वीचे महिनेही न्यायालय पाहते. लैंगिक संबंधाचा आरोप असेल तर बालसंरक्षणाचा २०१२ चा कायदा निराळाच उभा राहतो आणि तेथे हा युक्तिवाद तोकडा पडतो.

याहून निर्णायक ठरतो तो वयाचा पुरावा. आपल्याकडे, विशेषतः डोंगरी गावांत, शाळेत नाव घालताना १ जून ही जन्मतारीख सोयीने टाकली गेल्याची उदाहरणे घरोघर सापडतील. ती नोंद कोणी, कशाच्या आधारे केली, दाखला देणारा मुख्याध्यापक साक्षीला आला होता काय, ग्रामपंचायतीची जन्मनोंद दाखल झाली काय, हे अपिलात बारकाईने पाहावे. हाडांच्या तपासणीवरून काढलेले वय दोन वर्षांनी इकडेतिकडे होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच मान्य केले आहे.

मारहाणीत पाहावयाचे ते दुखापतीचे स्वरूप. हाड मोडल्याचे म्हटले असेल तर क्ष-किरणाचा कागद व तो काढणाऱ्याची साक्ष दप्तरात आहे काय? नसेल तर 'जबर दुखापत' साध्या दुखापतीवर येऊन शिक्षा कमी होऊ शकते. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढत नाही. वाढीसाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते.

शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असून आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर शिक्षा देणाऱ्याच न्यायालयाकडे अपील दाखल होईपर्यंतचा जामीन त्याच दुपारी मागावा. आत गेलेल्या कैद्याला नाशिकरोडच्या कारागृहातून अधीक्षकामार्फत अपील धाडता येते, आणि तुरुंगातील माणसाला, तसेच अनुसूचित जमातीच्या कोणालाही, मिळकत न पाहता विधी सेवा समितीचा मोफत वकील मिळतो. तो वकील नेमल्या तारखेला गैरहजर राहिला, तरी एवढ्याच कारणाने अपील काढून टाकता येत नाही. दप्तर वाचून, गुणावगुणांवरच त्याचा निकाल द्यावा लागतो, असे बनी सिंग यांच्या खटल्यात १९९६ मध्ये ठरले आहे.