काचेसारखे शुभेच्छापत्र

भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. नोकरीच्या निमित्ताने अनेक प्रांतांतून आलेल्या कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही तेथे स्थिरावली. आप्तेष्ट दूर राहिले, की दिवाळीच्या शुभेच्छापत्राचे मोल वाढते. ते स्वहस्ते केलेले असेल तर विशेषच. मात्र पाकिटातून निघताना त्यावरील शाई फिसकटलेली असू नये.

कागदाची फुले, कमानी कापण्यासाठी ‘डाय’ वापरतात. डाय म्हणजे धारदार पोलादी कडांचा साचा. त्यावर कागद ठेवून तो दाबयंत्राच्या रुळांमधून काढला, की प्रत्येक आकृती सारखी उतरते.

खरी कसोटी लागते ती पारदर्शक शीटवर. कागद शाई शोषून घेतो. प्लॅस्टिक शोषत नाही. पाण्यात विरघळणारी शाई त्यावर थेंबाथेंबाने गोळा होते आणि बोटांना लागते. म्हणून स्पिरिटसारख्या, उडून जाणाऱ्या द्रावकातील शाई निवडावी. तीच शाई वाळलेल्या रेषेवर फिरवल्यास रेषा पुन्हा विरघळते. यास्तव रेषा दर्शनी बाजूस काढून रंग मागील बाजूने भरावा.

पारदर्शक शीट गोंदाचा डागही लपवीत नाही. तेव्हा डायने कापलेल्या कागदी चौकटीखाली झाकला जाईल एवढाच गोंद कडेला लावावा. मजकूर मात्र आतील कागदावरच लिहावा.

एवढी काळजी घेतली, तर पोलादाच्या धारेने कापलेले ते नाजूक फूल शेकडो मैलांचा प्रवास करूनही टवटवीत राहते, आणि आत लिहिलेली मायेची अक्षरेही.